फाटकावरचा निळा

माझ्या कामाच्या खोलीला मी मुद्दाम राखाडी रंग दिला आहे. घरी येणाऱ्याला वाटतं, प्लास्टर झालं आणि रंगवायचं राहून गेलं. खिडकीला राखाडी कापड, टेबल राखाडी, आणि कामाला बसताना मी लाल कुर्ता घालत नाही, कारण त्याची झाक स्क्रीनवर पडते. बाबा सगळ्यांना सांगतात, ही पोट्टी रंगाचं काम करते अन् राहते राखेत.

रायपुरात मी पंचवीस वर्षं डिझाइन करते आहे. साड्यांचे कॅटलॉग, दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका. माझं पोट डोळ्यांवर चालतं, म्हणून माझा डोळ्यांवर विश्वास नाही, आणि दुसऱ्यांच्या फोनवर तर काडीचा नाही. तेलीबांध्याच्या एका दुकानवाल्या दीदींनी कोशाच्या रेशमी साडीचा फोटो तीनदा परत पाठवला, 'हरा दिख रहा है' म्हणून. शेवटी मी दुकानात जाऊन त्यांचा फोन हातात घेतला. झोपण्याआधी लावायचा पिवळा उजेड त्यांनी दुपारी बारा वाजता लावून ठेवला होता. नव्या रायपुरातले एक साहेब गाडीत बसून, काळा चष्मा न काढता, रंग मंजूर करतात. त्यांचा 'हव, ठीक है' असा मेसेज आला की मी फोन करून विचारते, चष्मा काढून बघितलंत का? त्यांना राग येतो. येऊ दे.

खरं सांगायचं तर मी आधीपासूनच संशयी आहे, धंदा नंतर आला. भाजीवाल्याने हिरव्या जाळीखाली ठेवलेले वाटाणे मी उन्हात आणून बघते. म्हणूनच मी ते यंत्र घेतलं. पानाच्या डबीएवढं आहे. स्क्रीनवर टांगलं की स्क्रीन खरी दाखवते की खोटी ते तपासतं आणि ती ताळ्यावर आणतं. कापडावर, कागदावर, पत्र्यावर टेकवलं तर त्या रंगाचा आकडा सांगतं. दर सोमवारी सकाळी मी स्क्रीन तपासते. जगात मी फक्त दोन गोष्टींवर डोळे मिटून विश्वास ठेवत होते. एक ते यंत्र, आणि दुसरे बाबा.

बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात पेंटर होते. रंग मिसळला की काडीने एक थेंब डाव्या अंगठ्याच्या नखावर घ्यायचे, शेडबाहेर उन्हात जायचे आणि नख तिरपं करून बघायचे. नख पास झालं की डबा पास. रिटायर झाल्यावर त्यांनी एकच काम ठेवलं, आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बुद्धविहाराच्या फाटकावरची चौदा एप्रिलच्या जयंतीची पाटी. सहा फुटी पत्रा, निळी जमीन, पांढरी अक्षरं. पाटीवर साल असतं, म्हणून ती दरवर्षी नवी करायची. जुनी टाकायची नाही, त्या अक्षरांवर कोणाचा पाय पडता कामा नये. जुन्या पाट्या विहाराच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभ्या असतात.

तो निळा कोणता, हे आमच्या पाऱ्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आकाशी नको. गणवेशाचा नको. आणि जांभळ्याकडे झुकलेला तर मुळीच नको. तो निळा बाबांचा, असं सगळे म्हणत. जयंतीच्या सकाळी बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून फाटकाखाली उभे राहतात, एकदा वर बघतात, मान हलवतात आणि मग लोकांना आत घेतात. लहानपणापासून मी ती मान हलताना बघत आले.

यंदा फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं, "पाटी मी नाही करत. हात कापते."

मला खरं वाटलं नाही. दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डाव्याचं व्हायचं होतं. पण हाताला काहीच झालेलं नव्हतं. काठोकाठ भरलेली चहाची बशी ते न सांडता ओट्यापासून खाटेपर्यंत आणत होते. मग हे हात कापण्याचं नाटक कशाला? माझा संशय थेट विहाराच्या अध्यक्षकाकांवर गेला. तीन-चार वर्षांपासून हे काका पाटीच्या पुढून निळ्या पताकांच्या माळा इतक्या दाट सोडायचे की अक्षरं फटींतून कशीबशी वाचता यायची, पण बाबांनी मन लावून काढलेली निळी जमीन पार झाकली जायची. मी एकदा म्हटलंही होतं, काका, पाटी दिसू तरी द्या. ते हसून शिडीवरून उतरले होते. मला वाटायचं, यांना बाबांचं कौतुक खुपतं. आता नक्की काहीतरी टोचून बोलले असतील, म्हणून बाबांनी हात झटकले.

समितीने मग ठरवलं, यंदा फ्लेक्स, आणि करायचा मी. मी मनाशी एकच गोष्ट पक्की केली. निळा बाबांचाच हवा, तंतोतंत. जयंतीला त्यांनी वर बघितलं आणि मान हलली नाही, तर माझ्या पंचवीस वर्षांच्या कामाला काही अर्थ नव्हता.

यंत्र घेऊन मी विहारात गेले. मागच्या खोलीत एक पिवळा बल्ब आहे. गेल्या वर्षीची पाटी थोडी कलती केली, यंत्र तीन ठिकाणी टेकवलं, आकडे घेतले, आणि पाटी पुन्हा भिंतीला लावली. पाटीकडे नीट बघितलं का? नाही. बाबांची पाटी निळी आहे हे मला माहीतच होतं.

घरी येऊन आकडे भरले, आणि स्क्रीनवर निळा यायच्या जागी जांभळट काहीतरी आलं. पिकलेल्या जांभळाइतकं नाही, पण त्या वाटेवरचं. मी पुन्हा आकडे तपासले. स्क्रीन पुन्हा तपासली, दोनदा. यंत्र म्हणत होतं, स्क्रीन बरोबर आहे. मग मला यंत्राचाच संशय आला. कुठे पडलं असेल, काच खराब झाली असेल, पिवळ्या बल्बने चकलं असेल. (बल्बने त्याला काही फरक पडत नाही, ते स्वतःचा दिवा घेऊन येतं, हे मला पाठ आहे.) आणि मग मी ते केलं जे मी शिकाऊ लोकांना कधीच करू देत नाही. स्क्रीनच्या मागची बटणं दाबत गेले, लाल कमी, अजून कमी, जोवर तो रंग मला बाबांचा निळा दिसत नाही तोवर. फाइलमधला आकडा तसाच राहिला. मी फक्त आरसा वाकवला.

बाबांना बोलावलं. ते खुर्चीवर बसले. आधी डाव्या डोळ्यावर हात ठेवून बघितलं, मग उजव्या डोळ्यावर. बराच वेळ.

"हा माझ्याच पाटीचा हाय?"

"तुमच्याच. आकड्यासकट."

"नक्की ना?"

"बाबा, मशीननं घेतला आहे."

"बरं," म्हणाले आणि उठले. त्या दिवशी त्यांनी जेवताना दोनदा भात वाढून घेतला, कारखान्यातले जुने किस्से सांगितले. इतकं खूष मी त्यांना ऑपरेशननंतर बघितलं नव्हतं. मला त्या खुशीचाही संशय आला. काही तरी लपवत आहेत, असं वाटलं, पण काय ते कळेना.

फ्लेक्स छापून विहारात पोचला तेव्हा जयंतीला पाच दिवस होते. अध्यक्षकाकांचा फोन आला. "पोरी, हे काय करून ठेवलं? जांभळा काहून केला?" मागे आणखी दोघे-तिघे बोलत होते. कोणीतरी म्हणालं, मुद्दाम केलं असन छापणाऱ्यानं. मी गाडी काढली. फ्लेक्स बघितला आणि माझं डोकं फिरलं. स्क्रीनवर मी निळा बघितला होता, माझ्या डोळ्यांनी.

प्रेस सिलतऱ्याच्या रस्त्याला आहे. तिथे कारखान्यांची काळी धूळ सगळ्यावर बसते, पांढऱ्या फ्लेक्सवरसुद्धा. वाटेत मी संशयांची यादी केली होती. शाई जुनी असेल. दुसऱ्या कंपनीची स्वस्त शाई भरली असेल. निळी संपत आली असेल आणि तशीच ढकलली असेल. आणि सगळ्यांच्या खाली एक होता, जो मी मोठ्याने म्हणायला नको होता. मशीन चालवणारे भैया माझ्याच वयाचे, शांत गृहस्थ. त्यांना मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाकी सबका रंग ठीक आता है. हमारा ही काहे बिगड़ता है?"

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. कोण 'हम' आणि कुठला रंग, ते त्यांना बरोबर कळलं होतं.

"दीदी, मशीन को क्या मालूम किसका है," ते म्हणाले. "जो नंबर आया, वही मारा. आपने मिलाया किससे?"

"पुराने बोर्ड से."

"बोर्ड कहां है? चलिए, धूप में रख के देखते हैं."

त्यांनी त्याच छपाईतली उरलेली एक पट्टी गुंडाळून घेतली आणि आपल्या मोटारसायकलवर माझ्या मागे आले. वाटेत मी सिग्नलला मागे वळून बघितलं, ते येतात की पळतात. ते येत होते.

अध्यक्षकाका विहारातच होते. मी म्हटलं, गेल्या वर्षीची पाटी बाहेर काढायची आहे. काकांचा चेहरा उतरला. "राहू दे न," ते म्हणाले, "जुनं काय काढते?" मला वाटलं, आता हे सापडले. मी ऐकलं नाही. भैयांनी आणि मी पाटी अंगणात आणली, तोंड उन्हाकडे केलं. भैयांनी त्यांची पट्टी तिच्यावर ठेवली.

पट्टी कुठे संपते आणि पाटी कुठे सुरू होते, ते कळेना. दोन्ही एकच जांभळट.

"मिला तो दिया था, दीदी," भैया हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी आत गेले आणि एकेक करून सगळ्या पाट्या ओढून आणल्या. काकांनी अडवलं नाही. आठ वर्षांपूर्वीची पाटी निळी होती, खणखणीत निळी, मी लहानपणापासून बघितलेली. मग दोन वर्षं तशीच. त्यानंतर दरवर्षी थोडी लाल, थोडी लाल, थोडी लाल. उन्हात ओळीने उभ्या केल्या तर लहान मुलालाही दिसलं असतं. मोतीबिंदू पिकला की डोळ्यापुढे पिवळं येतं, निळा रंग हिरवट, मळका दिसतो. बाबा तो मळकटपणा मारायला डब्यात थोडा लाल घालत गेले असणार. दरवर्षी नख उन्हात धरलं असणार. दरवर्षी नख पास झालं असणार. आणि मी, जिने वाटाणेसुद्धा उन्हात नेऊन बघितले, तिने ही पाटी एकदाही बघितली नव्हती.

"तुमाले दिसत नव्हतं काय?" मी काकांना विचारलं.

"दिसत होतं ना. सगळ्याईले दिसत होतं." ते पायरीवर बसले. "पण तुझ्या बापाले कोण सांगन? चाळीस वर्षं त्यानं पाटी केली. म्हणून पताका दाट लावो. तुले राग येये, तरी लावो."

"मग माझ्यावर काहून ओरडले?"

"तुले बदलून मागता येते न. त्याले कसं मागू?"

मला त्या अंगणात उभं राहावेना. ज्या माणसाला मी चार वर्षं जळकुकडा समजत होते, तो शिडीवर चढून माझ्या बापाची लाज राखत होता. आणि भैया अजून तिथेच उभे होते, पट्टी गुंडाळत. मी त्यांना म्हटलं, मैंने जो बोला, बहुत गलत बोला. ते म्हणाले, "हव दीदी, हो जाता है." इतक्या सहज माफ केलेलं मला आवडलं नाही. मी आणखी एकदा माफी मागितली. मग त्यांनी मान हलवली.

घरी बाबा खाटेवर बसले होते. फोन आधीच कोणीतरी केला होता, फ्लेक्स जांभळा आला म्हणून. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "पाट्या पाहून आली?"

मी खाटेच्या कडेला बसले.

"डोळ्याची पट्टी काढली, त्याच्या चार दिवसानं मी त्या खोलीत गेल्तो. डाव्यानं पाहो तं निळी, उजव्यानं पाहो तं जांभळी. दोन पाट्या झाल्या एकीच्या. कोणता डोळा खरा, कोणाले विचारू?"

"मले विचारायचं ना!"

"विचारलं तं होतं. नक्की ना, म्हटलं." ते हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "तुझ्या मशीनवर उजव्या डोळ्यालेही निळाच दिसला. म्हटलं, चला, पाटी निळीच हाय. नवा डोळाच खोटा हाय, बल्बानं फसवलं. चार महिन्यानं त्या रात्री झोप लागली मले."

मी त्यांना बटणांचं सांगितलं. स्क्रीनने खरं दाखवलं होतं, मी ती वाकवली, कारण तुमचा निळा चुकूच शकत नाही असं मला वाटत होतं. ते ऐकत राहिले. मला वाटलं, रागावतील. त्यांनी माझ्यासाठी आपला नवा डोळा खोटा ठरवला होता, मी त्यांच्यासाठी माझं यंत्र. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"मंग आता काय करतं?" बाबा म्हणाले. "पाच दिवस हायेत ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणात डबे मांडले. डाव्या डोळ्यावर मी रुमाल बांधून दिला. निळा, थोडा काळा, पांढऱ्याचा एक ठिपका. लालाच्या डब्याचं झाकण त्यांनी उघडलंच नाही. थेंब नखावर घेतला आणि उन्हात धरला. मग पुसला. तीनदा पुसला, चौथ्यांदा ठेवला. त्या नखावर मी यंत्र टेकवलं. स्क्रीनची बटणं पुन्हा ताळ्यावर आणली होती, आणि यावेळी जे दिसलं ते मी मान्य केलं.

बाबांना मागे बसवून मी प्रेसला नेलं. स्क्रीनवरचा रंग उजेडाचा असतो, छपाईतला शाईचा. काही निळे शाईला जमतच नाहीत, आणि जो जमतो त्यात गुलाबी शाई जरा जास्त पडली की जांभळं आलंच. म्हणून भैयांनी फ्लेक्सच्या एका तुकड्यावर निळ्याचे चोवीस चौकोन छापले, प्रत्येकात गुलाबी थोडी कमी. बाबांनी तो तुकडा प्रेसबाहेर उन्हात नेला. रुमाल डोळ्यावर, सकाळचा थेंब वाळलेला अंगठा पुढे. एकेका चौकोनावर नख ठेवत गेले. सतराव्यावर थांबले, पुढे गेले, परत आले. "हा," म्हणाले. मी वाकून बघितलं. नख दिसेनासं झालं होतं. मी भैयांकडे बघितलं. त्यांनीही बघून घेतलं आणि मला मान हलवून दाखवली, तेव्हा कुठे माझी खात्री पटली.

जयंतीच्या सकाळी फ्लेक्स फाटकावर चढला. अध्यक्षकाका शिडीवर होते, खांद्यावर पताकांच्या माळांचा गठ्ठा. सवयीने त्यांनी पहिली माळ मधोमध धरली, आणि तशीच थांबवली. मग ती बाजूच्या खांबाला बांधली. दुसरी दुसऱ्या खांबाला. उरलेल्या माळा त्यांनी खांद्यावरच राहू दिल्या. मधली सगळी निळी जमीन उघडी राहिली.

बाबा पांढऱ्या सदऱ्यात खाली उभे होते. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून त्यांनी वर बघितलं. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. ती हलली. मी श्वास सोडला, आणि तेवढ्यात ते शिडीकडे वळून म्हणाले, "काहून गा, यंदा झाकत नाही काय?"

म्हणजे हेही त्यांना कळलेलं होतं. काका शिडीवर तसेच, एक हात खांबावर.

"यंदा गरज नाही पडली," ते म्हणाले.

बाबांनी तळहात खाली घेतला. दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं, ऑपरेशन झालेल्या आणि व्हायच्या. एप्रिलचं ऊन आहे, ते म्हणाले. मी, जी कोणाचंच पटकन खरं मानत नाही, म्हटलं, हो बाबा, ऊन फार आहे.